ऋतूप्रमाणे स्वयंपाक करणाऱ्या घरात नेमकं काय वेगळं शिजतं?

तुम्ही विचारलंय की ऋतूप्रमाणे खा असं सगळेच सांगतात, पण हल्ली फ्लॉवर-मटार बारा महिने मिळतात, मग अशा घरात वेगळं काय शिजतं आणि शहरात राहून त्याचा काही उपयोग आहे का.

माझं सासर अलिबागजवळ आणि संसार ठाण्यात, त्यामुळे मी रायगडपुरतंच बोलते. विदर्भ-खानदेशाकडचं वाळवणाचं गणित निराळं, ते तिकडच्यांनी सांगावं.

ऋतूप्रमाणे खाणं म्हणजे ताजं खाणं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. आमच्याकडे ते अर्धंच खरं. पातेल्यात बहुतेक वेळा दोन गोष्टी एकत्र येतात: एक आत्ता उगवलेली आणि एक मागच्या ऋतूत साठवलेली. भाजी महिन्यागणिक बदलते, तिच्या जोडीला डब्यातले वाल किंवा सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, असतात. म्हणून ऋतूचा स्वयंपाक खरा सुरू होतो तो उन्हाळ्यात, साठवणीपासून.

वाल आमच्याकडे भात कापून झालं की त्याच शेतात टाकतात. जमिनीत उरलेली ओल आणि थंडीतलं दव एवढ्यावर ते येतात, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते घरात येतात, कडक ऊन खातात आणि डब्यात जातात. त्याच सुमारास पांढऱ्या कांद्याच्या वेण्या येतात. अलिबागच्या या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याच्या नावावर कुठलाही पांढरा कांदा खपवतात, तेवढं जपून. खरा कांदा गोडसर असतो आणि वेणी टांगून ठेवली की टिकतो. मग सोडे, सुकट, सुके बोंबील. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, आणि समुद्र खवळलेला असताना लहान होड्या तरी कुठे जाणार? त्यामुळे मासे खाणाऱ्या घरात ही बेगमी मे महिन्यातच भरावी लागते.

आता या बेगमीला जोड मिळते ती रानभाज्यांची. पहिला पाऊस पडला की बाजारात शेवळं दिसतात. जांभळट तपकिरी, लांबट कोंब, जुड्या बांधलेले. कातकरी आणि ठाकर बायका ते घेऊन बसतात, ठाण्यातही. शेवळं खाजरी असतात, म्हणून अर्धी भाजी निवडण्यातच आहे. हाताला तेल लावायचं, वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि उरलेलं बारीक चिरायचं. शेवळांबरोबर काकडं घ्यायचीच. ही आवळ्यासारखी दिसणारी आंबट-तुरट फळं. ती ठेचून, बिया काढून, वाटून, पाण्यात कोळून त्याचा रस भाजीत घालतात. त्या आंबटपणाने खाज मरते. काकडं नसतील तर चिंच किंवा आमसुलं, पण सढळ हाताने. चिरलेली शेवळं तेलावर चांगली परतायची, मग भिजवलेले सोडे, कांदा, वाटण आणि हा रस घालून मंद आचेवर भरपूर शिजवायची. मासे न खाणाऱ्यांकडे सोड्यांऐवजी चणाडाळ. शेवळाची स्वतःची चव फार बोलकी नाही, सोडे तिला बोलतं करतात. या दोघांची गाठ वर्षातून दोन-तीन आठवडेच पडते, नंतर शेवळं निबर होतात आणि संपतात.

त्यानंतरच्या भाज्यांतही हीच तऱ्हा. भारंगीचा कोवळा पाला कडवट, त्यात भिजवलेले वाल पडतात. कुलूच्या भाजीत (काही जण तिला फोडशी म्हणतात) चणाडाळ. माठाच्या भाजीत फणसाच्या आठळ्या, त्याही मे महिन्यात जपून ठेवलेल्या. टाकळ्याला मात्र फक्त कांदा-खोबरं पुरतं.

श्रावणात मासे बंद, मग वालांचं राज्य. आमच्या सासूबाईंच्या हिशेबात श्रावणी सोमवार म्हणजे बिरडं, मोड आणून सोललेल्या वालांची उसळ. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबायचा. साल हातात राहते, डाळिंबी पाण्यात पडते. कंटाळवाणं काम आहे, पण टीव्हीसमोर बसून होतं, आणि आमच्याकडे पुरुषही सोलतात (सोललं नाही तर मिळत नाही, हा नियम सासूबाई पाळतात). मोड नीट आले नाहीत तर साल सुटत नाही, दाणे फुटतात. फोडणी दिल्यावर डाळिंब्या फार ढवळायच्या नाहीत. नारळाचं दूध, आमसूल, गूळ. कांदा ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीने.

थंडीत एवढंच उलटं होतं, साठवणीला सुट्टी. वालाच्या शेंगा ओल्या असतात तेव्हा पोपटी लावतात. मडक्याच्या तळाला भांबुर्डी या वासाच्या रानवनस्पतीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, जाडं मीठ, ओवा, वरून पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. भांबुर्डीचा वास नसेल तर ती पोपटी नाही, नुसत्या भाजलेल्या शेंगा. गॅसवर कुकरमध्ये ‘पोपटी’ करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण जेवायलाही जात नाही.

राहिला उपयोगाचा प्रश्न. अमुक भाजीने तमुक आजार जातो वगैरे मी सांगणार नाही, रानभाज्यांवर ‘सुपरफूड’चं लेबल लावणाऱ्यांनी त्यांचे भाव तेवढे वाढवलेत. व्यवहाराचा उपयोग मात्र आहे. जुलैत मेथी-कोथिंबीर महाग आणि अर्धी सडलेली मिळते. तेव्हा घरात वाल आणि सोडे असले की भाजीवर अडत नाही. फ्लॉवर मीही आणते, मुलांच्या डब्याला.

फ्लॅटमध्ये सुरुवात करायची तर एवढं करा: मे संपायच्या आत वर्षभराचे नाही, पावसाळ्यापुरतेच कडवे वाल आणि थोडे सोडे घ्या. वालांना दोन-तीन दिवस ऊन दाखवा, सोडे घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे शेजारी तक्रार करणार नाहीत. सोडे घेताना हातात दाबून बघा, खडखडीत हवेत. मऊ लागले तर ओल राहिलीय, ते पावसात टिकत नाहीत. रानभाजी स्वतः खुडायला जाऊ नका, ओळख नसेल तर घोळ होतो. विकणाऱ्या बाईला विचारा, ती निवडण्यापासून फोडणीपर्यंत सगळं सांगते. आणि शेवळांबरोबर काकडं देत नसेल तर घरात चिंच आहे का ते आठवूनच जुडी उचला.