यादी सर्वांत शेवटी

प्रिय,
सप्रेम नमस्कार.

अनावश्यक मिश्र गोळ्या (एकाच गोळीत दोन किंवा जास्त औषधं) हटवण्याच्या कामावर तुझी नेमणूक झाली, हे कळलं. एकच आग्रह: बंदीची यादी आधी करायला बसू नकोस. नाव दिसलं की प्रत्येक कंपनी आपल्या गोळीपुरती भांडते.

१० मार्च २०१६ ला केंद्राने अशी ३४४ मिश्रणं एकदम बंद केली. सरकारनेच नेमलेल्या कोकाटे तज्ज्ञ समितीचा अहवाल हाताशी होता, पण औषध तांत्रिक सल्लागार मंडळाला विचारलं नव्हतं. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंडळाचा सल्ला सक्तीचा नाही, तरी प्रकरण मंडळाकडे पाठवा; कंपन्यांचंही ऐका आणि ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्क या औषधविषयक काम करणाऱ्या स्वयंसेवी संघटनेचंही. मग मंडळाच्या, डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या उपसमितीने छाननी केली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणं बंद झाली. ऐकून घेण्याचा वेळ वाचवायला गेले आणि अडीच वर्षं घालवून बसले!

म्हणून पहिल्या बैठकीत फक्त निकष. दोन्ही घटकांचा असर सारखा वेळ टिकतो का? एकाचा डोस वाढवला की दुसराही विनाकारण वाढतो का? दोन्ही एकाच अवयवावर ताण देतात का? (निमेसुलाइड आणि पॅरासिटामॉल, दोन्ही यकृताला जड, त्यांची पाण्यात विरघळणारी गोळी २०२३ मध्ये बंद झाली.) यावर सह्या झाल्या की मगच नावं काढ. प्रत्येक आक्षेपाला कारणांसह लेखी उत्तर हवं; कोर्टात तेच कामी येतं. ज्या गोळ्यांचा निर्णय 'आणखी माहिती हवी' म्हणून लांबेल, त्या गटाला तारीख घाल, नाहीतर तीच पळवाट होते.

राज्यांचे परवाना अधिकारी पहिल्या दिवसापासून हवेत. यातल्या कित्येक गोळ्या केंद्राच्या मंजुरीशिवाय राज्यांच्या परवान्यावरच बाजारात आल्या. आदेशात ब्रँड नको, घटक आणि मात्रा लिही. तेच नाव ठेवून आतला घटक बदलता येतो.

मधुमेहाच्या तीन घटकांच्या गोळ्यांना मात्र घाई नको. बदली सुट्या गोळ्या कोणत्या, किती मात्रेत, हे डॉक्टरांच्या संघटनांकडून आधी लिहून घे. ते नसलं तर दुकानातून 'बंद झाली' ऐकून पेशंट औषधच सोडतो. आणि केमिस्टांना विचार: पडून असलेला माल परत कोण घेणार, पैसे कधी देणार?

तुझा,
सर