युनिट ९ चा आर्चरी टॅग लागलाय ना, मग नर शोधत फिरू नका

आधी अभिनंदन! सोडतीचा निकाल जाहीर व्हायच्या आधीच कार्डातून टॅगचे १३५ डॉलर गेलेले दिसले आणि भर मीटिंगमध्ये ओरडलो असं लिहिलंय तुम्ही, वाचून मजा आली. ॲरिझोनात बहुतेकांना ही बातमी बँकेकडूनच कळते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यांना युनिट ९ मधला, म्हणजे ग्रँड कॅनियनच्या दक्षिणेला तुसायानच्या आसपासच्या जंगलातला, सप्टेंबरचा नर एल्कचा धनुष्यबाणाचा टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, सोडतीत लागलाय. एल्क म्हणजे सांबरापेक्षा मोठं हरीण, काश्मीरच्या हंगुलचा जवळचा नातलग, मोठा नर तीनशे-साडेतीनशे किलोचा. या टॅगसाठी लोक दहा-दहा पंधरा-पंधरा वर्षं अर्ज भरत बसतात. नाही लागला की एक बोनस पॉइंट साठतो, २० टक्के टॅग सगळ्यात जास्त पॉइंटवाल्यांना जातात आणि उरलेल्यांची सोडत, त्यात जितके पॉइंट जास्त तितके तुमच्या नावाचे नंबर जास्त. म्हाडाच्या सोडतीत जुन्या अर्जदाराला दरवर्षी एक चिठ्ठी वाढवून दिली असती तर कसं झालं असतं, तसंच.

तुमचे मुख्य प्रश्न तीन. मे महिन्यापासून दर वीकेंडला फीनिक्सजवळच्या चँडलरहून वर जाऊन नर हेरून ठेवू का, शिंगांच्या मापात ३५० च्या खालचा नर सोडून देऊ का, आणि रजा एकच आठवडा मिळतेय तर कुठला घेऊ.

पहिल्याचं उत्तर सरळ सांगतो, जा जरूर, पण नर हेरायला जाऊ नका. उन्हाळ्यात नर आपापल्या टोळक्यात असतात, शिंगांवर मखमल असते, दुर्बिणीतून बघायला फार छान वाटतं, फोटो येतात, आपण त्याला नाव पण ठेवतो, आणि सप्टेंबर उजाडला की तो गडी माद्यांच्या मागे कुठल्या कुठे निघून गेलेला असतो, कधी कधी पार नॅशनल पार्कच्या हद्दीत, जिथे शिकार बंद. माद्या मात्र फारशा हलत नाहीत, ज्या भागात पिल्लांना घेऊन ऑगस्टमध्ये चरतात साधारण तिथेच सप्टेंबरमध्येही सापडतात, आणि नर तिथे आपणहून येतात. त्यामुळे शोधायच्या त्या माद्या, आणि माद्यांच्या आधी पाणी.

पाण्याचं का म्हणतोय ते नीट समजून घ्या कारण युनिट ९ ची सगळी गंमत तिथे आहे. तिकडे बारमाही ओढा नाही, नदी नाही. खाली चुनखडी आहे, पाऊस पडला की पाणी भेगांमधून खाली जातं. वर उरतात ती रँचवाल्यांनी गुरांसाठी खोदलेली मातीची तळी, ज्याला सगळे डर्ट टँक म्हणतात, आणि जनावरांसाठी बांधलेले ट्रिक टँक, म्हणजे पत्र्याच्या उतारावर पडलेला पाऊस टाकीत साठवून खालच्या हौदात सोडायचा. पाण्याची चणचण एवढी की पार्कातल्या एल्कनी पर्यटकांच्या बाटल्या भरायच्या नळांचा खटका तोंडानं उघडायला शिकून घेतलं होतं, शेवटी पार्कवाल्यांना नळ बदलायला लागले.

तर मे महिना घरी बसून नकाशात घालवा. ऑनएक्स या नकाशाच्या ॲपवर प्रत्येक टँकवर खूण करा आणि सोबत फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटर व्हेइकल यूज मॅप ठेवा, कारण ऑनएक्सवर दिसणारा प्रत्येक रस्ता गाडीला खुला असतोच असं नाही. जूनमध्ये मात्र जायलाच पाहिजे. जून इथला सगळ्यात कोरडा महिना, त्यामुळे जूनअखेरीला ज्या टँकमध्ये पाणी आहे तो खरा टँक, बाकीचे नकाशावरचे निळे ठिपके. निम्म्याहून जास्त ठिपक्यांवर तुम्हाला भेगाळलेली माती आणि एखादी बिअरची बाटली मिळेल. प्रत्येक टँकला उतरून चालत एक फेरी मारा. चिखलातले खूर बघा, गाईचा खूर गोल आणि बोजड, एल्कचा लांबट आणि पुढे निमुळता, शेजारी पिल्लाचे लहान खूर दिसले की माद्यांचा टँक. काठापासून थोडं लांब ज्युनिपरच्या झाडांवर बघा, खोडाची साल उभी सोललेली, डिंक अजून ओला, खाली सालीच्या चिंध्या, म्हणजे नरानं शिंगं घासली आहेत, पण हे ऑगस्टच्या उत्तरार्धात, जूनमध्ये दिसलं तर ते गेल्या वर्षीचं.

कॅमेरे लावू का असं विचारलंय. नाही. १ जानेवारी २०२२ पासून ॲरिझोनात शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा, म्हणजे झाडाला बांधून ठेवलेला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, वापरायला बंदी आहे, साधा असो नाहीतर सेल्युलर. मला वैयक्तिक विचाराल तर बरं झालं, त्याआधी एकेका टँकवर पंधरा-वीस कॅमेरे टांगलेले असायचे आणि लोक बॅटऱ्या बदलायला दिवसभर गाड्या फिरवायचे, जनावरांना पाणी प्यायला उसंत नाही. आता जुनाच उपाय करा, संध्याकाळी झाडाची फांदी ओढून काठचा ओला चिखल सपाट करून ठेवा आणि सकाळी येऊन वाचा. किती आले, कुठून आले, कुठे गेले, सगळं लिहिलेलं असतं. फक्त आलेली वाट आणि गेलेली वाट वेगवेगळी नोंदवा, बसायची जागा त्यावरून ठरते.

जुलैत मान्सून येतो (हो, तिकडेही मान्सूनच म्हणतात) आणि वर्षाचं गणित तिथे ठरतं. पाऊस कमी झाला तर टँकवर बसायचं, जनावर येणारच. पाऊस दणकून झाला तर प्रत्येक खड्ड्यात पाणी, एल्क पांगतात, आणि तुमचा तो जूनमध्ये शोधून काढलेला हुकमी टँक ओस पडतो, मग पायपीट करून आवाजाच्या मागे जायला लागतं. म्हणून दोन्हीची तयारी ठेवा, एकाच प्लॅनवर अडून बसू नका. आणि पावसानंतर लगेच जाऊ नका, तिकडची माती ओली झाली की फोर बाय फोर पण साबणावरून घसरल्यागत जाते.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एक-दोन रात्री तिथे मुक्काम करा. धनुष्य नको, दुर्बीण पण नसली तरी चालेल. उंचवट्यावर गाडी बंद करून अंधारात नुसतं ऐकायचं. पहिले पहिले बुगल, म्हणजे माजावर येणाऱ्या नरांच्या आरोळ्या, ऐकू यायला लागलेले असतात, अजून अर्धवट, घसा साफ केल्यासारखे. कुठल्या बाजूला किती ते नकाशावर टाका. तंबू टाकताना एक नियम लक्षात ठेवा, जनावरांचं जवळपासचं एकुलतं पाणी अडेल असा मुक्काम पाव मैलाच्या आत करणं बेकायदेशीर आहे, आणि कायदा नसता तरी कुणी करू नये.

आता वारा. टँक असतो खोलगट जागी. दुपारी तिकडे बहुतेक वेळा नैऋत्येचा वारा असतो, त्या हिशोबानं लोक ईशान्येला लपून बसतात आणि चार वाजेपर्यंत सगळं झकास. सूर्य कलला की वारा पडतो, जमीन गार होते आणि हवा उतारावरून खाली वाहायला लागते, तुमचा घामाचा वास घेऊन. एल्क येतात नेमके त्याच वेळी. म्हणून ब्लाइंडची, म्हणजे लपून बसायच्या आडोशाची, जागा संध्याकाळच्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या हवेवर ठरवा, दुपारच्या वाऱ्यावर नाही. पावडरची छोटी बाटली मिळते, ती दाबून सप्टेंबरच्या आधीच दोन-तीन संध्याकाळी तिथे बसून बघा पावडर कुठे जाते. स्काउटिंगमधलं, म्हणजे आधीच्या टेहळणीतलं, हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि जवळपास कुणीच करत नाही.

कॉलिंगबद्दल, म्हणजे एल्कचे आवाज काढून त्यांना बोलावण्याबद्दल, फार लिहीत नाही, यूट्यूबवर रग्गड आहे. एवढंच की तुमच्यासारखेच बाकीचेही वर्षानुवर्षं थांबून आलेले असतात आणि पहिल्या दिवसापासून सगळं रान बुगलांनी दणाणून सोडतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर मोठा नर उलट उत्तर देतो पण माद्या गोळा करून दूर निघून जातो. तो तुमच्याकडे येत नाही, उलट त्याच्या माद्या तुम्हाला ऐकून निघत असतात आणि तो त्यांच्या मागे. अशा वेळी गप्प राहून वारा सांभाळत कळपाच्या बाजूबाजूनं चाला, ते सकाळी ज्युनिपरच्या दाटीत बसायला जातात, शंभर यार्डांच्या आत पोचलात की मग हळूच एक मादीचा आवाज. तोही उगाच परत परत नाही. आणि पाठीमागची बाजू बघत राहा, छोटे नर आवाज न करता वाऱ्याखालून येतात.

दुसरा प्रश्न, ३५० चा. शिंगांचा स्कोअर इंचात मोजतात, आणि धनुष्यानं मारलेला एल्क पोप अँड यंगच्या रेकॉर्ड बुकात जायला २६० पुरतात. युनिट ९ मध्ये ३५० च्या वरचे नर आहेत, खोटं नाही, पण ज्यानं याआधी बाणानं एकही एल्क घेतला नाही त्यानं आकडा धरून बसणं मला पटत नाही. इतकी वर्षं थांबलो म्हणून मोठाच पाहिजे, हा हट्ट शेवटच्या दोन दिवसांत माणसाला सत्तर यार्डांवरून बाण सोडायला लावतो. तुमचा पल्ला सरावात ठरवा. उभं राहून नाही, गुडघ्यावर, ब्लाइंडमधल्या स्टुलावर, आणि जिना धावत चढून धापा टाकत असताना. त्यात दहातले नऊ बाण ताटलीएवढ्या जागेत जात असतील तेवढंच तुमचं अंतर, बहुतेकांचं ते ४० च्या आसपास येतं. नर पूर्ण आडवा किंवा किंचित पाठमोरा तिरका असेल तरच. समोरून नाही, खांद्याच्या हाडावर तर अजिबात नाही.

बाण लागल्यावर तिथेच बसून राहा. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस, अर्ध्या-पाऊण तासानं निघा. गडद लाल असेल तर यकृत, चार-सहा तास तरी. बाणाला हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात लागलाय, आठ-दहा तास, संध्याकाळ असेल तर सकाळपर्यंत, जिवाची कितीही तगमग झाली तरी. घाई केली तर उठून मैलभर जातो, आणि पार्काच्या हद्दीत शिरला तर रेंजरला विचारल्याशिवाय मागे जाता येत नाही, म्हणून हद्दीला चिकटून बसूच नका.

मारायचंच कशाला असं एका ताईंनी विचारलंय, भारतात १९७२ पासून शिकार बंद आहे हेही बरोबर. इथला हिशोब वेगळा आहे. इथला मूळचा एल्क पार संपला होता, १९१३ मध्ये यलोस्टोनहून ८३ एल्क आणून सोडले तिथून परत सुरुवात झाली, आणि आज टॅगचे पैसे आणि धनुष्यावरचा ११ टक्के फेडरल कर यातून वन्यजीव खात्याचा बराच खर्च चालतो. तरी नाही पटलं तर माझा आग्रह नाही.

मांसाची तयारी सगळ्यात आधी करा, शेवटी नको. सप्टेंबरमध्ये दुपारी पंचवीस डिग्री सहज असतं आणि कातडं म्हणजे रजई, आत मांस तापून मागच्या मांडीच्या सांध्याजवळ हाडाशी आधी सडतं. कातडं लगेच उतरवा, पोट न फाडता चारी पाय आणि पाठीचे पट्टे काढता येतात, मांडीचा सांधा उघडा करा, कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगा. हाडं काढून शंभर किलोच्या आसपास भरतं, एकट्याचं काम नाही, दोन मित्रांना आत्ताच बांधून घ्या. नर असल्याचा पुरावा मांसाला चिकटलेला ठेवायला लागतो, नियम वाचून जा. विल्यम्स किंवा फ्लॅगस्टाफच्या एखाद्या मांस कापून देणाऱ्या प्रोसेसरला ऑगस्टमध्येच फोन करून ठेवा. घरी करणार असाल तर चरबी नसते त्यामुळे सुकं करताना जास्त शिजवलं की चिवट होतं, नळीचं मांस मात्र कुकरला लावून तांबड्या रश्श्यात घाला, बोकडाची आठवण येणार नाही.

रजा दुसऱ्या आठवड्याची घ्या. सीझन साधारण दुसऱ्या शुक्रवारी सुरू होतो आणि दोन आठवडे चालतो, माज खरा चढतो तो वीस तारखेच्या आसपास, तोवर पहिल्या आठवड्याची गर्दीही बरीच ओसरलेली असते. सुरुवातीचा शनिवार-रविवार तेवढा गाठा, चारेक तासांचा तर रस्ता आहे. मॅनेजर दुसरा आठवडा देत नसेल आणि अर्ज करताना पॉइंटगार्ड घेतलं असेल तर सीझन सुरू व्हायच्या आधी टॅग परत करून पॉइंट वाचवता येतात, पण त्याच्याआधी मॅनेजरशी एकदा भांडून बघा.