'ल्यूकवॉर्म'चा अर्थ लावताना

इंग्रजी 'ल्यूकवॉर्म' म्हणजे कोमट, इथपर्यंत तुमच्या लेखातलं बरोबर आहे. पण त्यातला 'ल्यूक' संत लूकच्या नावावरून आला असं लिहिलंत, ते काढून टाका. मध्ययुगीन इंग्रजीत 'ल्यूक' या सुट्या शब्दाचाच अर्थ कोमट असा होता. पुढे तो एकटा वापरातून गेला आणि 'वॉर्म'ला चिकटून तेवढा उरला. शब्दाचा तुकडा ओळखीच्या नावासारखा दिसला की लगेच गोष्ट रचू नका. जुन्या भाषेत तो सुटा सापडतो का, हे आधी बघा. मीही सुरुवातीला अशा गोष्टींवर भरवसा ठेवायचो.

लाक्षणिक अर्थ विसरू नका. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये, त्यातल्या 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, धड थंड नाही आणि धड ऊनही नाही अशा श्रद्धेला हाच शब्द लावलाय. म्हणून 'ल्यूकवॉर्म' पाठिंबा म्हणजे मनापासून नसलेला पाठिंबा. मराठीत त्याला 'कोमट पाठिंबा' म्हणू नका, कानाला खटकतं. 'थंडा' म्हटलं तर अर्थ जास्तच कडक होतो. मी 'जेमतेम' किंवा 'वरवरचा' वापरतो.

आणि एकदा 'टेपिड' हा इंग्रजी शब्दही बघाच. अर्थ कोमटच, पण तो लॅटिन 'टेपिडस'वरून आला, आणि त्याचं मूळ संस्कृत 'तप्' धातूशी जुळतं. आपला ताप, तापणं, तपमान त्याच घरातले! 'टेम्परेचर' मात्र त्यात ओढू नका. ते योग्य प्रमाणात मिसळणं या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन क्रियापदावरून आलंय.