तुमचे प्रश्न: वजनाचं ऑपरेशन करायचं ठरवलं तर मी हरले का?

गेल्या अंकात मी माझ्या स्वतःच्या बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करायच्या, ऑपरेशनबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यानंतर ठाणे-नवी मुंबईतनं इतकी पत्रं आली की हा अख्खा महिना त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. मी डॉक्टर नाही. सहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेली पेशंट आहे, ११२ किलोवरनं ७१ वर आले, आता ७६ वर आहे. तेव्हा गोळ्या-औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, बाकी मला जे माहितीय ते मनापासून सांगते.

ताई, मी ३८ वर्षांची आहे, राहायला वर्तकनगर, नोकरी वाशीला. उंची पाच फूट दोन इंच, वजन १०४. ठाणे-वाशी लोकलमधे चौथ्या सीटवर मी कधीच बसत नाही, रिकामी असली तरी, कारण मी जवळ गेले की आधीच्या तिघी एकमेकींकडे बघतात. मुलगी ११ वर्षांची आहे, तिच्यानंतर वजन वाढलं ते वाढलंच. किटो डाएट झालं, दोन जिम झाल्या, डाएटिशियन झाल्या, एकदा १८ किलो उतरवले आणि दीड वर्षात २२ परत चढले. दोन वर्षं शुगरची गोळी चालू आहे, रात्री घोरते, गुडघे दुखतात. आमच्या डॉक्टरांनी बॅरिअॅट्रिक सर्जनकडे चिठ्ठी दिलीय. सासूबाई म्हणतात चांगलं धडधाकट पोट कापून घेणार का, त्यापेक्षा तोंडाला कुलूप लाव. मिस्टर म्हणतात तुझा निर्णय, पण घाबरलेत. आणि मला स्वतःलाच वाटतंय की ऑपरेशन केलं म्हणजे मी हरले. काय करू?

सगळ्यात आधी त्या 'हरले' बद्दल बोलू, कारण माझंही दीड वर्ष ह्याच शब्दापायी गेलं. अगं तू १८ किलो उतरवलेस ना? ज्या बाईच्या मनात ताकद नाही ती १८ किलो उतरवू शकत नाही. मग परत का चढले, तर वजन उतरलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, पोटातनं भुकेचं हार्मोन, ज्याला घ्रेलिन म्हणतात, ते जास्त सुटायला लागतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं, आणि बसल्याजागी जेवढं जळायचं तेही कमी होतं. म्हणजे तू दिवसभर ऑफिस, लोकल, मुलीचा अभ्यास, स्वयंपाक सगळं करून वर स्वतःच्या शरीराशी भांडतेस, आणि तेही वर्षानुवर्षं. तोंडाला कुलूप लावून हे भांडण सुटत नाही, सासूबाईंना हे माहीत नाही, त्यांच्या पिढीत कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे त्यांच्यावर रागावू नकोस. २०१३ मधे अमेरिकेच्या डॉक्टरांच्या संघटनेने लठ्ठपणा हा आजार आहे असं अधिकृतपणे मान्य केलं. आजाराला उपचार घेतला तर कुणी हरत नाही. शुगरची गोळी घेताना तुला हरल्यासारखं वाटलं होतं का?

आता तुझे आकडे. वजन किलोमधे, त्याला उंचीच्या मीटरमधल्या वर्गाने भागायचं, येतो तो आकडा म्हणजे बीएमआय, तुझा ४२ च्या आसपास येतो. आपल्या लोकांना कमी वजनातच पोटावर चरबी साठते आणि शुगर लागते, म्हणून भारतात २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. ऑपरेशनचा जुना नियम होता ४०, किंवा ३५ आणि सोबत शुगर-बीपीसारखा आजार. २०२२ मधे ह्या विषयातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो खाली आणला, आता ३५ च्या पुढे आजार असो नसो ऑपरेशन सुचवतात आणि आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासून विचार करतात. म्हणजे तू कुठल्याही नियमात बसतेस. तुझ्या डॉक्टरांनी चिठ्ठी उगाच दिलेली नाही.

आणि हे काही काल आलेलं फॅड नाहीये. बायपासचं ऑपरेशन (हृदयाचं नव्हे, जठराचं) १९६६ पासून आहे. स्वीडनमधे १९८७ पासून ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या लठ्ठ लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, त्यात ऑपरेशनवाल्यांमधे मृत्यू कमी झाले, हे २००७ मधे छापून आलं. हे मी मिस्टरांसाठी लिहितेय, त्यांना वाचून दाखव.

पोट कापणं म्हणजे काय ते सांगते, कारण सासूबाईंच्या डोळ्यासमोर मोठी चिरफाड असणार. दुर्बिणीतनं होतं, पोटावर चार-पाच छोटी भोकं. ह्यात दोन मुख्य प्रकार, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमधे जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून केळ्यासारखी एक नळी ठेवतात, आणि जो भाग जातो त्यातच ते घ्रेलिन मुख्यतः तयार होतं, म्हणून नुसती जागा कमी होत नाही, भूकच कमी होते. मला पहिल्यांदा दुपारी दोन वाजले तरी जेवणाची आठवण आली नाही तेव्हा मी रडले होते, इतकी वर्षं डोक्यात सतत चाललेला तो आवाज बंद झाला होता. बायपासमधे जठराची छोटीशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, शुगर जास्त असेल तर बऱ्याचदा ह्याचा फायदा जास्त, कधीकधी वजन उतरायच्या आधीच काही दिवसांत शुगर खाली येते आणि गोळ्या कमी कराव्या लागतात. तुला आधीपासून अॅसिडिटी, छातीत जळजळ असेल तर ते सर्जनला आवर्जून सांग, स्लीव्हनंतर ती वाढू शकते. स्लीव्ह परत फिरवता येत नाही, गेलेलं जठर गेलं, हे नीट समजून मगच सही कर.

धोका आहेच, नाही म्हणणार नाही. टाक्यातनं गळती शंभरात एखाद्याला होऊ शकते, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून त्याच दिवशी उठवून चालवतात. अनुभवी टीम असेल तर मृत्यूचं प्रमाण हजारात एखाद-दुसरा, साधारण पित्ताशयाच्या ऑपरेशनइतकं. म्हणून सर्जनला तोंडावर विचार, वर्षाला किती करता, काही बिघडलं तर रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, डाएटिशियन आणि सायकॉलॉजिस्ट टीममधे आहेत का. मला एका ठिकाणी पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख आणि डिस्काउंट सांगितला होता, मी तिथनं उठून आले आणि त्याचं मला आजही बरं वाटतं. तू घोरतेस म्हणजे झोपेची टेस्ट सांगतीलच, स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, निघाला तर भूल द्यायच्या आधी तो कळणं फार महत्त्वाचं. एन्डोस्कोपी (तोंडातनं नळी घालून जठर बघणं) होईल, रक्ताच्या ढीगभर तपासण्या होतील, आणि बहुतेक दोन आठवडे कमी कॅलरीचं डाएट देतील कारण लिव्हर लहान झालं की सर्जनला जागा मिळते. ते दोन आठवडे वैतागशील पण चुकवू नकोस.

पैशाचं. खाजगीत काही लाखांचं काम आहे. ऑफिसची किंवा घरची पॉलिसी असेल तर कागद काढून वाच, विमा नियामकाने २०१९ मधे ठरवल्याप्रमाणे लठ्ठपणाचा खर्च वगळलेला असला तरी डॉक्टरांचा सल्ला, वय १८ च्या वर, आणि बीएमआय ४० किंवा जास्त (किंवा ३५ आणि सोबत गंभीर स्लीप अॅप्निया, आटोक्यात न येणारी शुगर, हृदयाचा आजार, आणि साधे उपाय करून झालेले) असेल तर तो वगळायचा नियम लागू होत नाही. तू ४० च्या वर आहेस. फक्त वेटिंग पीरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेमसाठी किती थांबावं लागतं, ते बघ आणि जुन्या डाएटिशियनचे कागद, वजनाच्या नोंदी सगळं एका फायलीत लाव, मी ते फेकून दिले होते आणि मग सहा महिने धावाधाव केली.

नंतरचं आयुष्य, ह्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. पहिले दोन आठवडे फक्त पातळ, ताक, वरणाचं पाणी, प्रोटीन पावडर. चौथ्या दिवशी घरात आमटीला फोडणी बसली आणि मला हुंदका आला होता, भूक नव्हती, सवय होती, आणि ऑपरेशन जठराचं होतं सवयीचं नाही हे मला तेव्हा समजलं. मग कुस्करलेलं, मग मऊ, मग साधं जेवण, पण वाटीभर. आधी प्रोटीन, रोज ६० ग्रॅम तरी, म्हणजे अंडी, पनीर, मूग, दही, मासे. भात आणि पोळी गोळा होऊन अडकते, हळू खावं लागतं. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी आणि नंतर. बी१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आयुष्यभर, आणि दरवर्षी रक्त तपासायचं, हे ज्यांनी सोडलं त्यांना हातापायाला मुंग्या, अशक्तपणा, असले त्रास झालेले मी पाहिलेत. सतत उलट्या झाल्या तर घरी थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, कंगव्यात पुंजके येतील, परत येतात, घाबरू नकोस. वजन भराभर उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात. आणि पहिलं दीडेक वर्ष गरोदर राहायचं नाही, वजन उतरलं की राहण्याची शक्यता वाढते म्हणून आधीच डॉक्टरशी बोलून ठेव.

साधारण एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के दीड-दोन वर्षांत उतरतं, म्हणजे तू ७३-७८ च्या आसपास येशील असं धर. बारीक होणार नाहीस. कातडी लोंबेल. पण जिना चढशील, शुगरची गोळी कदाचित सुटेल, रात्री झोपशील. मला एका हाडाच्या डॉक्टरांनी गुडघा न बघताच 'आधी वजन कमी करा मग या' म्हणून परत पाठवलं होतं, आज मी उपवन तलावाला फेऱ्या मारते. तेवढ्यासाठी करायचं असेल तर कर. गोखले रोडच्या दुकानात ब्लाऊज बसावा म्हणून किंवा लोकलमधल्या तिघींसाठी करू नकोस, त्या तिघी काही तुझ्याबरोबर गोळ्या घ्यायला येणार नाहीत. आणि सासूबाईंना पुढच्या ओपीडीला घेऊन जा, बाहेर बाकावर बसवू नकोस, आत घेऊन जा. माझ्या सासूबाई सर्जनशी पाच मिनिटं बोलल्या आणि पुढचे तीन महिने माझं ताक त्यांनीच घुसळलं.

चौथ्या सीटवर आजपासून बस. १०४ किलोवर पण तिकीट तेवढंच पडतं.

वजन कमी करायची नवी इंजेक्शन्स आलीयत, ती घेतली तर ऑपरेशन टळेल का? बीएमआय ३३, बीपी आहे. (नेरूळ)

टळू शकतं. ही खरी औषधं आहेत, मौंजारो आपल्याकडे मार्च २०२५ मधे आलं, वेगोवी जूनमधे. मौंजारोमधल्या औषधाच्या मोठ्या चाचणीत वरच्या डोसवर ७२ आठवड्यांत सरासरी २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण वेगोवीतलं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश परत आलं हेही चाचणीतच दिसलंय, म्हणजे बहुतेकांना ते चालूच ठेवावं लागतं, महिन्याचा खर्च किती वर्षं झेपेल ते आधी मांडून बघा. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायला हवं, आणि घरात थायरॉइडचा एक विशिष्ट कॅन्सर झाला असेल तर चालत नाही, म्हणून मैत्रिणीचं इंजेक्शनचं पेन उरलंय म्हणून टोचून घेऊ नका.

ताई, माझं स्लीव्ह होऊन तीन वर्षं झाली. ३८ किलो उतरले होते, त्यातले ९ परत आले. सर्जनकडे जायची लाज वाटते, दोन वेळा अपॉइंटमेंट घेऊन गेलो नाही. घरी पण सांगितलं नाही. (ऐरोली)

दादा, ह्या आठवड्यात जा. दीड वर्षाच्या आसपास वजन सगळ्यात खाली असतं आणि त्यानंतर थोडं परत येणं हे इतक्या लोकांचं होतं की सर्जनला त्यात काही नवीन वाटणार नाही, माझेही पाच आलेत हे वर लिहिलंयच. पण ९ चे १९ व्हायची वाट बघू नका. तुम्हीच बघा, दिवसभर थोडं थोडं चरणं सुरू झालंय का, चिवडा, फरसाण, बिस्किट, चहा, कारण ते नळीतनं सरसर उतरतं आणि पोट भरत नाही, पनीर-अंडं भरतं. दारू घेत असाल तर तेही डॉक्टरांना खरं सांगा, ऑपरेशननंतर ती फार लवकर चढते आणि काही जणांना नव्याने सवय लागते. कधी नळी रुंदावलेली असते, कधी झोप नसते, कधी औषध जोडून द्यावं लागतं, पण हे तपासल्याशिवाय कळणार नाही. आणि घरी सांगा हो. लपवून खाणं लपवाछपवीतच वाढतं, हे मी स्वतः केलंय म्हणून सांगते.

ऑपरेशनला आठ महिने झाले, पहिलाच गणपती आहे, मामांकडे उकडीचे मोदक असतात आणि मामी ऐकत नाहीत. खाऊ का? (कळवा)

खा की. एक. आधी वरण किंवा पनीर पोटात जाऊ दे, मग मोदक, बसून, पंधरा मिनिटं लावून, वर पाणी नाही. घाम फुटला, छाती धडधडली तर थांब आणि आडवी हो, गोडाने होतं तसं काहींना. आणि मामींना तिथे ताटावर सांगू नकोस, आदल्या दिवशी फोन कर, म्हणावं मामी, माझ्या पानात एकच वाढा, उरलेले डब्यात द्या, घरच्यांना होतील.