वाचकांचे प्रश्न : गंगेच्या काठाने देवप्रयाग

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये ऋषिकेशला जाणार आहोत. तेथून भाड्याच्या मोटारसायकलीने देवप्रयागला जाऊन त्याच दिवशी परतणे शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे. एका बाजूचे अंतर सुमारे ७० किलोमीटर असले, तरी घाटरस्ता आणि बद्रीनाथची वाहतूक लक्षात घेऊन सकाळी लवकर निघावे. शिवपुरी, ब्यासी, कौडियाला या टप्प्यात गंगा बराच काळ सोबत करते. पुढे रस्ता साकनीधारकडे चढतो आणि नदी खोल दरीत राहते. तीनधारा येथे जेवणाची सोय होते.

जाताना नदी उजव्या हाताला असते आणि आपण डाव्या बाजूने चालवत असल्यामुळे डोंगराला लागून जातो, म्हणून नदीचे खरे दर्शन परतीच्या वाटेवर, दरीकडच्या कडेने येताना घडते. अर्थात ते चालत्या गाडीवरून घेऊ नये. रस्ता रुंद असेल तेथे थांबावे. डोंगराच्या बाजूने दगड घसरण्याचा धोका पावसाळ्यात सर्वाधिक असतो, त्यामुळे तुम्ही निवडलेला महिना आम्हांला योग्य वाटतो.

देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा यांचा संगम होऊन पुढील प्रवाहाला गंगा हे नाव मिळते. दोन्ही पाण्यांचे रंग पुष्कळदा वेगळे दिसतात. घाटाच्या पायऱ्या उतरताना घाई करू नये, कारण प्रवाहाला जबर ओढ आहे. दुपारी दोनपर्यंत परतीला लागल्यास अंधारात घाट उतरावा लागणार नाही.