नव्या लॅपटॉपसाठी किती थांबावे?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले. लॅपटॉप आत्ताच घ्यावा की पुढच्या प्रोसेसरची, म्हणजे त्यातल्या आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपची, वाट पाहावी, या प्रश्नाने तुला गेले पाच महिने धरून ठेवलेले दिसते. या पाच महिन्यांत तुझा प्रबंध किती पुढे गेला याविषयी मात्र पत्रात एकही ओळ नाही, आणि मला काळजी वाटली ती त्याची.

नवे मॉडेल कायमच येऊ घातलेले असते. दर जानेवारीत लास वेगासला भरणाऱ्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात नवे प्रोसेसर जाहीर होतात, ते बसवलेले लॅपटॉप प्रत्यक्ष हाती यायला पुढे काही आठवडे, कधी काही महिने जातात, आणि तोवर त्यापुढच्या पिढीची चर्चा सुरू झालेली असते. लागोपाठच्या दोन पिढ्यांमधला फरक लेखनात किंवा साध्या प्रोग्रॅमिंगमध्ये सहसा जाणवतही नाही. अपवाद आहेत, ते मी नाकारत नाही. २०१७ मध्ये इंटेलच्या आठव्या पिढीने पातळ लॅपटॉपमधले कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे भाग, दोनाचे चार केले. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलचा स्वतःचा एम१ प्रोसेसर आला आणि पंखाच नसलेला मॅकबुक एअर जड कामे सहज करू लागला. पण स्वतःच्या प्रोसेसरकडे वळण्याचा हा बदल ॲपलने त्याच वर्षी जूनमध्ये उघडपणे जाहीर केला होता, पहिली यंत्रे वर्षअखेरपर्यंत येतील असेही सांगितले होते. त्या वेळी जे थांबले, त्यांना आपण कशासाठी आणि साधारण कधीपर्यंत थांबलो आहोत हे ठाऊक होते. तुझ्या पत्रात या दोन्हींपैकी काहीच नाही. ‘पुढचे अधिक चांगले असेल’ एवढेच आहे.

शिवाय नवे नाव म्हणजे नवी रचना, असेही धरून चालू नकोस. एएमडी या इंटेलच्या स्पर्धक कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये आतली रचना कोणती हे तिसरा अंक सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तो अंक २ आहे, म्हणजे आत २०१९ साली आलेली झेन २ ही रचना आहे. दिसायला मोठा असलेला पहिला अंक पाहून अनेकांनी तो अगदी नवा आहे असे समजून विकत घेतला.

मी स्वतः एकदा आठ महिने थांबलो होतो. जुन्या लॅपटॉपची बिजागरी तुटलेली होती, पडदा एका ठरावीक कोनाच्या पुढे गेला की काळा पडायचा, म्हणून त्याच्या पाठीशी दोन शब्दकोश उभे करून मी लिहीत असे. धक्का लागला की पुन्हा सगळी मांडणी करावी लागे. शेवटी नवे मॉडेल घेतले, तेव्हा माझे काम त्यावर जसे चालले तसे ते आठ महिन्यांपूर्वीच्या मॉडेलवरही चाललेच असते. त्या काळात अर्धवट सोडलेला एक लेख मला पुढे कधीच पुरा करता आला नाही, आणि त्याची हळहळ अजून वाटते.

म्हणून आधी तुझ्या यंत्राची तपासणी कर. आठवडाभर नेहमीचे काम करताना टास्क मॅनेजर, म्हणजे मेमरी आणि डिस्क किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजमधली खिडकी, उघडी ठेव. मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या वर राहते का, डिस्क शंभरावर अडकून बसते का, ते लिहून ठेव. आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवल्याने इतका फरक पडेल की वर्षभर खरेदीचा विषयही निघणार नाही. याउलट तुझे यंत्र विंडोज ११ चालवू शकत नसेल, तर थांबूच नकोस. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि प्रबंधाची सामग्री अशा यंत्रावर ठेवणे मला पटत नाही.

हवे ते मॉडेल महिन्या-दीड महिन्यात येणार असल्याचे कंपनीने स्वतः जाहीर केले असेल, तर तेवढे अवश्य थांब, कारण ते आले की आधीच्या मॉडेलवर बहुधा सूट मिळते आणि तुझ्या कामाला तेही पुरेल. पण थांबले की किंमत उतरतेच, असा भरवसा धरू नकोस. २०२१ च्या चिपटंचाईत थांबलेल्यांना हवे ते मॉडेल मिळणेच कठीण झाले होते. घेताना प्रोसेसरपेक्षा रॅमकडे, म्हणजे वर सांगितलेल्या मेमरीकडे, अधिक लक्ष दे. पातळ लॅपटॉपमध्ये ती अनेकदा मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट पाटीवरच, कायमची जोडलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही, म्हणून १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नकोस.

येत्या रविवारी टास्क मॅनेजरमधले ते आकडे आणि लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक मला पाठव. त्यात रॅम आणि डिस्क बदलता येते का, ते पाहून मी लगेच कळवतो. आणि प्रबंधाचे तिसरे प्रकरण जसे असेल तसे सोबत जोड.

तुझा हितचिंतक