पाचव्या मात्रेवर हात का थांबतो?

प्रश्न : अकूस्टिक गिटार घेऊन दोन महिने झाले. कॉर्ड बऱ्यापैकी धरता येतात. नुसतं डाउन-डाउन वाजवलं तर ताल राहतो, पण ‘डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप’ सुरू केलं की तिसऱ्या-चौथ्या फेरीला घसरतो. अप करताना पिक (तारा छेडायची चकती) तारेत अडकतं आणि कॉर्ड बदलताना उजवा हातही थांबतो. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हा पॅटर्न तुकड्यांत पाठ केला की तो घसरणारच. आधी तो केरवा तालासारखा आठ मात्रांत मोजा. एक-तीन-पाच-सातला हात खाली जातो, दोन-चार-सहा-आठला वर येतो, आणि यात कधीही बदल होत नाही. आवाज येतो तो १, ३, ४, ६, ७, ८ या मात्रांवर. दुसऱ्या मात्रेला हात वर येतो आणि पाचवीला खाली जातो, पण दोन्ही वेळा तारांना न लागता.

खरी गोम पाचवीत आहे. चौथ्या मात्रेचा अप झाला की हात वरच वाट पाहत राहतो. मग सहावीला अप हवा असताना हात आधीच वर असल्यामुळे नाइलाजाने डाउन लागतो, आणि तिथून पुढे सगळं उलटं होतं. केरव्यात ‘काल’ म्हणजे खालीही पाचव्याच मात्रेवर येते, तेव्हा टाळी न देता हात नुसता बाजूला नेतात. तसाच इथे तो तारांपासून सेंटीमीटरभर लांबून खाली न्यायचा.

सरावाला कॉर्ड नकोच. डाव्या हाताची बोटं सहाही तारांवर नुसती टेकवा, दाबू नका. ‘खच खच’ असा आवाज येईल. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं साधन) मिनिटाला ६० टिकांवर लावा आणि एका टिकेला दोन मात्रा घ्या. दोन मिनिटं आठही मात्रा वाजवा, मग दुसरी गाळा, ती जमली की पाचवी. त्यानंतरच ई मायनर धरा : पाचव्या आणि चौथ्या तारेवर (मोजणी सर्वांत बारीक तारेपासून) दुसऱ्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या दुसऱ्या घरात, दोन बोटं, सहाही तारा वाजवायच्या.

पिक अडकण्याची कारणं दोन. एक, पिकचं टोक फार बाहेर असतं. ४-५ मिमी पुरे. दुसरं, अपलाही सहाही तारा ओढायचा हट्ट. अपला खालच्या तीन बारीक तारा लागल्या की झालं. पिक तर्जनीच्या कडेवर ठेवून वरून अंगठा टेकवा आणि वर येताना त्याचं टोक किंचित जमिनीकडे झुकू द्या. पिक १ मिमीचं असेल तर सध्या बाजूला ठेवा, ०.४६ ते ०.६० मिमीचं घ्या. ते वाकतं, म्हणून चुका पोटात घालतं. हालचाल पाऱ्याचा थर्मामीटर झटकताना होते तशी, मुख्यतः मनगटातून. कोपरातून हात हलला तर दहा मिनिटांत खांदा भरून येतो.

कॉर्ड बदलायची वेळ आठव्या मात्रेची. तिच्या अपलाच डावा हात उचला. क्षणभर मोकळ्या तारा वाजतील, वाजू द्या, ऐकणाऱ्याला ते कळतही नाही. उजवा हात अडखळला तर मात्र लगेच कळतं. नवी कॉर्ड पहिल्या मात्रेला अर्धीच बसली तरी उजव्याने तिची वाट पाहायची नाही.

प्रश्न : दादऱ्यातल्या गाण्यांना हाच पॅटर्न चालेल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही, दादरा तालात मात्रा सहा. संथ गाण्याला सहाही डाउन घ्या : तबल्याच्या ‘धा’ या बोलाच्या जागी, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या मात्रेला, जाड तारांवर जोरात, मधल्या दोन-दोन मात्रा बारीक तारांवर हलक्या. डी कॉर्ड असेल तर मात्र सर्वांत जाड दोन तारा सोडा, ‘धा’ चौथ्या तारेवर द्या.